बारा आण्यांचं ताट

त्या साली सगळ्याचे भाव चढले, एका पाटीवरचा सोडून. ज्वारी चढली, तूर चढली, गूळ तर दुकानदाराने समोर ठेवणंच बंद केलं. पण गावाबाहेर नदीकाठी जो सरकारी बंगला होता, त्याच्या ओसरीवरची निळी पाटी जशीच्या तशी होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘भोजन, पूर्ण ताट, बारा आणे.’ आणे जाऊन नवे पैसे आले त्यालाही नऊ वर्षं होत आली होती, तरी ती अक्षरं पुसायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. बारा आण्यांत दोन भाज्या, तुपाची धार धरलेलं वरण, पोळ्या, हातसडीचा भात आणि वर गोड. बाहेर बारा आण्यांत धड शेरभर ज्वारी येत नव्हती.

हे ताट कोणासाठी, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. आमदार यायचे, त्यांच्या समित्या यायच्या, त्यांच्याबरोबर जीपगाड्यांतून चार शहाणे यायचे, ते जेवायचे. बाळापूर तालुक्यातल्या त्या लहानशा गावातलं कोणी बंगल्याच्या पायऱ्या चढून ‘वाढा’ म्हणेल, असं पाटी रंगवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

दुर्गाबाई त्या बंगल्याच्या मागच्या अंगाला, निंबाखाली, धान सडायची. वऱ्हाडात धान सडणारी बाई शोधून सापडायची नाही. इथले हात कापूस वेचण्याचे आणि भाकरी थापण्याचे. पण दुर्गाबाईचं माहेर भंडाऱ्याकडचं. सोळाव्या वर्षी ती शेषरावाच्या घरी नांदायला आली, तेव्हा सहा महिने भाताच्या आठवणीने रडली, असं तिची सासू जन्मभर हसून सांगत राहिली. पुढे देशसेवा करणाऱ्यांना गिरणीतला तांदूळ वर्ज्य झाला. हातसडीचाच पाहिजे असं निघालं. भंडाऱ्याहून धानाची पोती येऊ लागली आणि मुसळ धरता येणारी एकच बाई पंचक्रोशीत निघाली.

ती राहायची बौद्धवाड्यात. बंगल्यावर स्वयंपाक करणारी मनकर्णाबाई तिने सडलेला तांदूळ सुपातून बिनदिक्कत घ्यायची, कारण कोऱ्या धान्याला विटाळ नाही. तोच तांदूळ शिजून भात झाला की मात्र दुर्गाबाईने स्वयंपाकघराची पायरी चढायची नाही. हे शास्त्र कोणी केलं कोण जाणे, पण करणाऱ्याने आपली सोय बरोबर पाहिली होती.

मजुरी अशी तशीच होती. खरी कमाई कणीची. सडताना जो दाणा तुटेल तो सडणारणीचा, ही तिच्या माहेरची रीत. बंगल्याचा चौकीदार किसनराव याने ती पहिल्याच दिवशी मान्य केली होती. त्यात त्याचं काही जात नव्हतं, कारण दुर्गाबाईच्या हातून दाणा तुटायचाच नाही. ती धान सावलीत वाळवायची, मुसळ मारायची नाही, नुसतं उचलून सोडायची. पायलीभर धानामागे मूठभर कणी निघाली तर निघाली. हात जितका चांगला तितकी कमाई कमी, असा तो धंदा होता. तरी तिला त्याचा अभिमान होता. मनकर्णाबाई मूठभर तांदूळ हातावर घेऊन म्हणायची, “दुर्गाबाई, मोगऱ्याच्या कळ्या हायेत वं या.” त्यावर दुर्गाबाई दिवसभर खूश असायची.

पण सहासष्टचा वैशाख आला आणि घरात बाळंतीण होती.

*

मैना ही तिची एकुलती एक लेक. तेल्हाऱ्याला दिलेली, पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. मुलगी झाली. आठ दिवस झाले तरी मैनाच्या अंगातली कणकण जात नव्हती, आणि दूध म्हणावं तसं उतरत नव्हतं. कंट्रोलच्या दुकानात मिळत होती ती अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटायची, खाताना घशात अडकायची. धडधाकट माणसांचं पोट तिने दुखायचं, मैनाला तर दोनदा ढाळ लागले. सुईण सांगून गेली होती, “भाताची पेज द्या. पातय, मीठ घालून. दोन टाइम. तिच्या पोटात काही राह्यलं तं लेकराले दूध भेटन.”

सोमवारी दुर्गाबाई सकाळपासून कंट्रोलच्या दुकानासमोर उभी राहिली. ऊन डोक्यावर आलं. रांगेतल्या बायकांनी पदर ओले करून डोक्यावर घेतले होते, ते वाळून कडक झाले. तिचा नंबर लागला तेव्हा दुकानदाराने मिलोचं माप पुढे केलं.

“मले तांदूय पाह्यजे, भाऊ. कार्डावर हाय.”

“हाय. पन दुकानात नाई.”

“शनवारी तं पोतं आल्तं.”

“आल्तं, अन् बंगल्यावर गेलं. गहूबी गेला, साखरबी गेली. गुरुवारी समिती येऊन राहिली.”

“कायची समिती?”

दुकानदाराला स्वतःलाच हसू आलं. “भाव काऊन वाढले, ते पाहाची.”

रांगेतलं कोणी हसलं नाही. दुर्गाबाईने पिशवी पुढे केली आणि मिलो घेतली.

घरी आली तेव्हा मैना भिंतीला पाठ लावून बसली होती. मुलगी छातीशी होती, ओढत होती, थांबत होती, पुन्हा ओढत होती. तिचं रडणं पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं होतं. आता ते उंबऱ्यापर्यंतही जात नव्हतं.

“मा, भेटला काय वं तांदूय?”

“उद्या भेटते,” दुर्गाबाई म्हणाली.

*

मंगळवारी किसनरावाने धान मोजून दिलं. “सात-आठ पानं हायेत साहेबलोकांची. परवा सकायपर्यंत पाह्यजे. चांगलं करजो वं, मुंबईकडचे पावने हायेत.”

दुर्गाबाईने धान अंगणात आणलं. रोजच्यासारखं निंबाच्या सावलीत पसरायला तिने हात नेला आणि तसाच थांबवला. मग तिने तरट ओढत ओढत उघड्या उन्हात नेलं. वैशाखातलं वऱ्हाडचं ऊन. अनवाणी पाय टेकवत नव्हता. तिथे तिने ते धान पसरलं आणि स्वतः सावलीत जाऊन बसली.

धान जास्त तापलं की आत दाण्याला चीर जाते. वरून काही दिसत नाही. हे तिला आईने सातव्या वर्षी शिकवलं होतं, पण ते होऊ नये म्हणून शिकवलं होतं.

दुपार कलल्यावर तिने उखळात पहिला घाणा घातला आणि मुसळ उचलून सोडलं नाही, मारलं. दाणा फुटल्याचा आवाज तिच्या मनगटात आला. तिने दुसऱ्यांदा मारलं. इतक्या वर्षांत अंगात मुरलेली रीत मोडायची म्हणजे सोपं नव्हतं, खांदा आपल्या आपण मऊ पडायचा आणि तिला तो पुन्हा ताठ करावा लागायचा. घामाने चोळी पाठीला चिकटली. पाखडून चाळायला बसली तेव्हा चाळणीखाली कणीचा ढीग झाला. दोन शेर तरी असेल.

मनकर्णाबाई तांदूळ न्यायला आली. तिने सुपातला तांदूळ पाहिला, चाळणीखालचा ढीग पाहिला. मूठ भरून हातावर घ्यायला ती पुढे झाली नाही.

“आज लय तुटला वं,” ती म्हणाली.

“धान जुनं हाय.”

“तुही पोरगी कशी हाय?”

“दूध नाई तिले.”

मनकर्णाबाईने सूप उचललं. “मोठ्या भोकाची चाळनी नाई माह्यापाशी,” ती जाता जाता म्हणाली, “नाईतं हा सुपातला अजूक एक डाव चाळला असता. जाय, घेऊन जाय तुही कनी.”

त्या संध्याकाळी मैना पेज प्याली. वाफेत तोंड घालून, डोळे मिटून प्याली. दुर्गाबाईने भांड्याच्या तळाशी राहिलेली कणी बोटाने निपटून तिच्या तोंडात घातली. लहानपणी घालायची तशीच.

घराच्या भिंतीला लागूनच विहार होता. विहार म्हणजे चार लाकडी बल्ल्या, टिनाचं छप्पर आणि आत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. दिवेलागणीला वाड्यातली माणसं तिथे जमत आणि शेषराव पुढे बसून पंचशील सांगे, बाकीचे मागून म्हणत. खडा आवाज होता त्याचा. छप्पन साली तो नागपूरहून दीक्षा घेऊन आला तो चालत गावात शिरला आणि घरी न जाता आधी घराघरांतून गाडगी गोळा केली. लगीनसराईत, सणावारात मोठ्यांच्या दारी जाऊन उष्टं मागून आणायची ती गाडगी. चौकात मांडून त्याने ती एकेक करून फोडली. त्याची आई रडली होती, गाडगं चांगलं होतं म्हणून. त्या दिवसापासून वाड्यात कोणाचं उष्टं आलं नव्हतं. लिहायला-वाचायलाही तो त्यानंतरच शिकला, पस्तिशीत, वाड्यातल्या मुलांच्या पाटीवर. तेव्हापासून लिहिलेल्या अक्षरावर त्याचा फार विश्वास.

त्या मंगळवारी चोरी न करण्याचं दुसरं शील आलं तेव्हा दुर्गाबाईने आवाज काढला नाही. तिने नुसते ओठ हलवले. इतक्या आवाजांत एक आवाज कमी झालेला कोणाला कळला नाही.

बुधवारी सकाळी मुलगी इतकं प्याली की दूध तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून गळलं. मैनाने ते बोटावर घेऊन आईला दाखवलं, आणि दोघी मायलेकी उगाच हसत सुटल्या. शेषराव दुष्काळी कामावर गिट्टी फोडायला निघाला होता. तो दारात थांबला.

“काय झालं?”

“काई नाई,” दुर्गाबाई म्हणाली. “तुमची नात खादाड हाय.”

*

गुरुवारी दुष्काळी काम बंद ठेवलं आणि मजुरांना रस्त्याच्या कडेला ओळीने उभं केलं. समिती पाहायला येणार होती. दहा वाजता तीन जीपगाड्या आल्या, धुरळा उडवत गेल्या, थांबल्या नाहीत. मुकादमाने माणसांना घरी जायला सांगितलं आणि अर्धा रोज धरला.

दुपारी किसनराव स्वतः दुर्गाबाईला बोलवायला आला. ती गेली आणि निंबाखाली उभी राहिली. ओसरीवर पंगत बसली होती. मागच्या दारातून तिला पाठमोरे खादीचे सदरे दिसत होते, बोलणं ऐकू येत होतं.

“माझं म्हणणं, जनतेनं आठवड्यातून एक जेवण सोडावं. सवय लावली की जमतं.”

“लोकांना सांगावं लागेल तसं. वाढा हो, तूप वाढा.”

मग भात वाढला गेला. कोणीतरी म्हणालं, “हा भात आहे का खिमट? सगळी कणीच आहे ही.”

“उचला हा. पोळी आणा.”

पानांतला भात परत आला. मनकर्णाबाईने तो पातेल्यातल्या भातावरच लोटला. किसनरावाचं तोंड लाल झालं होतं. तो मागच्या दारी आला.

“हा तुह्या हातचा तांदूय काय वं? तुह्या हातचा?”

दुर्गाबाई खाली पाहत राहिली.

“कनी घरी किती नेली?”

“रीतच हाय ते, किसनभाऊ.”

“रीत मले सांगू नोको. तुटला तं रीत. तोडला तं काय म्हनते तुमच्यात?”

किसनराव आत जायला वळला आणि पुन्हा थांबला.

“जाय, उरली असन ते घेऊन ये. अन् पुढच्या येळेपासून येऊ नोको. अकोल्याहून गिरनीचा तांदूय आनतो मी. साहेबलोकायले फरक समजत नाई, तुटला तेवढा समजते.”

ती घरी गेली. मैनाचा डोळा लागला होता. दुर्गाबाईने फडक्यातली कणी उचलली, बंगल्यावर आणली आणि सुपात ओतली. मनकर्णाबाईने सूप धरलं होतं, तिने वर पाहिलं नाही. किसनराव पुढे गेल्यावर मात्र ती हळूच म्हणाली, “दुर्गाबाई, भात पातेलंभर हाय. मी खरं सांगतो, पानावरचा अन् पातेल्यातला एक झाला. पन पोरीले चालन. घेऊन जाय. कोनाले सांगू नोको.”

भाताला अजून वाफ होती. दुर्गाबाईने एकदा पाहिलं.

“नाई बाई. आमच्या घरात उष्टं येत नाई.”

तिने आपलं फडकं झटकलं, घडी केली आणि ती निघाली. मनकर्णाबाईच्या मनात काही वाईट नव्हतं, हे तिला कळत होतं. त्यानेच जास्त लागलं.

*

शेषराव घरी होता, बाजेच्या दोऱ्या ओढत बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं. उन्हात धान घातल्यापासून सगळं. मैना आत ऐकत होती की झोपली होती, ते पाहायचंही तिला राहिलं नाही.

त्याचे हात थांबले.

“म्हंजे तू जानूनबुजून तोडला.”

“हो.”

“अन् संध्याकाई विहारात माह्या मागं बसली. दुसरं शील म्हनलं.”

“नाई म्हनलं. तोंड हालवलं नुस्तं.”

“दहा वर्सं झाली,” शेषराव म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यापेक्षा चढला असता तर बरं. “दहा वर्सं मी या लोकायले सांगून राहिलो. मान वर करून राहा. कोनाचं घेऊ नोका. अन् माह्याच घरात?”

“तुमी मान वर करा,” दुर्गाबाई म्हणाली. “मले खाली पाहा लागते. ते पोरगी खालीच निजली हाय माही.”

असं ती त्याला कधी बोलली नव्हती. तेवढ्यात आत मुलगी रडू लागली. रडणं म्हणजे काय, मांजराच्या पिलाने दाराबाहेर केल्यासारखा आवाज. मैनाने तिला छातीशी घेतलं असावं, कारण आवाज थांबला. मग पुन्हा आला. मग मैनाचंच हुंदके देणं ऐकू आलं. कालचं दूध कालच संपलं होतं.

शेषराव उठला. खुंटीवरचा धुवट सदरा त्याने अंगात घातला, जो तो विहारात जाताना आणि तालुक्याला जातानाच घालत असे. कोनाड्यातून चार-चार आण्यांच्या तीन पावल्या घेतल्या. पितळेचा डबा घेतला.

“कुठी चालले?”

“इकत आनतो,” तो म्हणाला. “त्यायच्या पाटीवर लिहेल हाय. बारा आने.”

*

बंगल्याच्या पुढच्या पायऱ्या त्याने आयुष्यात पहिल्यांदा चढल्या. दोन पाहुणे वेताच्या खुर्च्यांवर पान खात बसले होते. किसनराव धावत आला.

“काय गा शेषराव? मागून येना.”

“ताट पाह्यजे एक.” शेषरावाने तळहात उघडून तीन पावल्या दाखवल्या. “नेऊन खातो. नुस्ता भात दिला तरी चालन, पैसे पुरे घ्या.”

किसनरावाला आधी कळलंच नाही. मग त्याने पाटीकडे पाहिलं, शेषरावाकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं.

“अबे, ते तुह्यासाठी नाई. ते सभासदायसाठी हाय.”

“तसं लिहेल नाई.”

“लिहा लागते काय?”

शेषराव पाटीकडे पाहत राहिला. त्याने ती सगळी पुन्हा वाचली, ओठ हलवत, एक अक्षर सुटलं तर नाही म्हणून. वाचता येतं म्हणून त्याने केवढा भरवसा ठेवला होता. आता परत फिरायचं, एवढंच उरलं होतं. त्याने पाऊलही उचललं. पण घरून निघताना ऐकलेला तो मांजराच्या पिलाचा आवाज त्याच्या कानात होता.

“परत आलेला भात हाय म्हनते,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तो इकत द्या. हे पैसे घ्या.”

“तुमी तं उष्टं घेत नाई ना बे?”

“इकत मांगून राहिलो मी.”

किसनराव काही राक्षस नव्हता. त्याने पावल्यांसाठी हात पुढे केलाही. त्या घेतल्या असत्या तर सगळंच सोपं झालं असतं. पण खुर्चीतल्या पाहुण्यांपैकी एक, गोऱ्या, गोल चेहऱ्याचे, बोलण्यात फार गोड, पुढे वाकले.

“अहो, पैसे कसले घेता त्याच्याकडून? द्या तसाच. घे रे बाबा, पोटभर घे. आपलंच अन्न आहे.”

“साहेब, मी पैसे देतो.”

“राहू दे, राहू दे. ठेव ते मुलाबाळांना.” त्यांनी हात हलवला. मग शेजारच्याकडे वळून म्हणाले, “बघितलंत? उगीच ओरड असते. इथे उपाशी कोणी राहत नाही.”

किसनरावाने पुढे केलेला हात मागे घेतला. साहेबांनी नको म्हटल्यावर त्याला घेता येईना. मनकर्णाबाईने मागून भात आणून डब्यात ओतला. शेषराव पायऱ्या उतरला. पावल्या मुठीतच होत्या.

*

तो घरात आला आणि डबा चुलीपाशी ठेवला.

“बाबा, कुठून आनला?” मैनाने विचारलं.

“इकत आनला बारा आन्याले. खाय.”

दुर्गाबाईने डबा उघडला. भात पाहताच तिने ओळखला. आपल्या हाताने तोडलेला दाणा आपल्याला ओळखू येणार नाही का? अर्धे, पाव, टोक मोडलेले. त्यात मधूनच वरणाचा पिवळा डाग होता, तुपाचा वास होता. तिने शेषरावाकडे पाहिलं. तो सदरा काढून खुंटीला अडकवत होता. अडकवताना खिशात तीन पावल्या एकमेकींवर वाजल्या. त्याने पटकन हाताने खिसा दाबला.

तिने भात पाण्यात घालून चुलीवर ठेवला, चांगला आटवला, मीठ घातलं आणि मैनापुढे ठेवला. मैना जेवली. भूक लागलेलं माणूस जेवतं तशी, कोणाकडे न पाहता जेवली. “तूप हाय काय वं यात?” असं एकदा विचारून तिने उत्तराची वाट पाहिली नाही. शेषराव दाराबाहेर, घराकडे पाठ करून बसला होता. तो आणि दुर्गाबाई त्या दिवशी मिलोची भाकरीही खायला बसले नाहीत.

दिवेलागण झाली. माणसं विहारात जमली. सकाळी उन्हात उभी राहिलेली, अर्ध्या रोजावर घरी आलेली तीच माणसं. शेषराव पुढे बसला. दुर्गाबाई नेहमीच्या जागी, बायकांत.

पहिलं शील झालं. दुसऱ्याला दुर्गाबाई आज ओठसुद्धा हलवू शकली नाही. तिने पदर तोंडाशी धरला. तिसरं झालं. मग खोटं न बोलण्याचं शील आलं आणि शेषराव थांबला.

लोक वाट पाहत राहिले. पुढचा माणूस म्हणाल्याशिवाय मागच्यांनी म्हणायचं नाही, अशी त्यानेच लावलेली शिस्त होती. त्याची पाठ ताठ होती. मान मात्र खाली होती. तसबिरीपुढचा दिवा वाऱ्याने हलला, कोणी खोकलं, कोणाचं लेकरू कुरकुरलं, तरी त्याच्या तोंडून शब्द येईना. दहा वर्षांत असं झालं नव्हतं. त्याला बरं नाही असं वाटून एक-दोघं उठायला लागले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. मैनाचा. बाळंतीण म्हणून तिला अजून विहारात यायचं नव्हतं, ती घरातूनच म्हणत होती. बाबा विसरले असं तिला वाटलं असावं. तिने चौथं शील पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न अडखळता म्हटलं. आठ-दहा दिवसांत तिचा इतका मोकळा आवाज कोणी ऐकला नव्हता.

“पोरगी बरी दिसते,” दुर्गाबाईशेजारची बाई म्हणाली.

लोकांनी तिच्या मागून शील म्हटलं. शेषराव तसाच बसून राहिला. पलीकडे मुलगी एकदा रडली, चांगली मोठ्याने, आणि मग पिऊ लागली.